भातावरील पाने गुंडाळणारी अळी

भाताची लावणी आटोपून रोपे फुटू लागली, की खाचरांत काही पाने उभी दुमडलेली व पांढरे पट्टे पडलेली दिसतात. पाने गुंडाळणाऱ्या अळीचे हे काम होय. सुरळीतील अळी हिच्याहून निराळी. ती पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते. ही अळी पान तोडीत नाही. पानाच्या दोन्ही कडा रेशमी धाग्यांनी जोडून ती आत राहते व हिरवा भाग खरवडून खाते.

ह्या किडीचा पतंग लहान, सोनेरी पिवळसर असून त्याच्या पंखांवर काळपट नागमोडी रेषा असतात. दिवसा तो चुडांत लपतो व रात्री दिव्याकडे झेपावतो. मादी पानांवर अंडी घालते. 4 ते 7 दिवसांत ती उबतात. अळी पिवळसर हिरवी असून स्पर्श होताच चपळाईने वळवळते. दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात ती एकामागून एक अनेक पाने खराब करते. पुढे गुंडाळीतच ती कोषात जाते व 6 ते 10 दिवसांनी पतंग बाहेर पडतो. अशा रीतीने सुमारे महिनाभरात एक पिढी पुरी होते.

नत्रखताची मात्रा अधिक झाल्यास, शेतावर झाडांची सावली असल्यास अथवा बांधावर गवत माजल्यास किडीस आश्रय मिळतो. म्हणून नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे व बांध स्वच्छ ठेवावेत.

पांढरी पाने दिसताच औषध फवारण्याची घाई मात्र करू नये. लावणीनंतरच्या पहिल्या 30 दिवसांत रोप नवी पाने काढून झीज भरून काढते. त्या वेळच्या फवारणीने कोळी, चतुर व अंड्यांवर जगणारे सूक्ष्म गांधील हे मित्रकीटक मरतात आणि पुढे तपकिरी तुडतुडे बळावण्याची भीती असते. ह्या काळात काटेरी फांदी पिकावरून हलकेच ओढावी. गुंडाळ्या उघडून अळ्या पाण्यात पडतात.

खरी दक्षता पीक पोटरीवर येताना हवी. लोंबीतील दाणा मुख्यत्वे शेवटच्या पानाच्या बळावर भरतो. ते पान गेल्यास दाणे पोचट राहतात. तेव्हा आठवड्यातून एकदा शेतात फिरून निरनिराळ्या ठिकाणचे चूड तपासावेत. दर चुडास सरासरी दोन ताजी खराब पाने व त्यांत जिवंत अळ्या आढळल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने शिफारस केलेले औषध योग्य प्रमाणात फवारावे.