गावं आणि वाटा (भाग ९) : रुळांपासून एका रात्रीवरची बोरी

मागच्या आठवड्यात आपण पूर्णा जंक्शनवर होतो. आज रूळ सोडून आत शिरायचं आहे.

बोरी म्हटलं की 'कोणती बोरी?' हा प्रश्न ठरलेलाच, कारण महाराष्ट्रात या नावाची गावं पुष्कळ. आपली बोरी जिंतूर तालुक्यातली. परभणी सोडली की झरी लागते, मग बोरी आणि पुढे जिंतूर. गावाला बाजारपेठ आहे, पोलीस ठाणं आहे, आसपासच्या खेड्यांची रोजची ये-जा आहे. रेल्वे मात्र कधी आली नाही, आणि माझ्या मते बोरीची घडण त्यातूनच समजते.

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, नांदेड असा तो सिकंदराबादला पोचला. तो मीटरगेज होता आणि मनमाडला मुंबईकडे जाणारी लाईन ब्रॉडगेज. त्यामुळे परभणीत भरलेला माल मनमाडला उतरवायचा आणि हमालांनी तो पुन्हा दुसऱ्या डब्यात चढवायचा. एवढी यातायात असूनही परभणीचं दैव त्या लाईनीने पालटलं. जिंतूरकडच्या मुलखाचं तोंड स्टेशनाकडे वळलं.

आता बैलगाडीचा हिशेब करा. बोरी ते परभणी अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. भरल्या गाडीचे बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतात. म्हणजे आठ-नऊ तास, उन्हाळ्यात एक अख्खी रात्र. तिन्हीसांजेला जुंपायची, साट्याखाली कंदील टांगायचा, दिवस उगवता परभणीच्या शिवारात पोचायचं. त्याच दिवशी परतणं बैलांच्या जिवावर येणारं. जिंतूरपलीकडून येणाऱ्याला तर वाटेत एक मुक्काम हवाच. गाडीतळ, वैरण, पाणी आणि चार दुकानं जिथे जमतात तिथे पेठ उभी राहते. बोरी वाढली ती या सोयीवर, असं मला वाटतं.

हा हिशेब कोरड्या दिवसांचा. पावसाळ्यात तो कोलमडे. इथली जमीन काळी, चिकण. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती कापूस आणि ज्वारी पिकवते तीच चाक धरून ठेवते. चिखलाचा थर धावेवर चढत जातो, आरे दिसेनासे होतात आणि गाडीवानाला दर थोड्या अंतरावर काठीने तो खरवडावा लागतो. आजच्या डांबरी रस्त्यालाही हीच माती त्रास देते. खालची जमीन फुगते-आक्रसते, म्हणून वरचा थर तडकतो. मुरमाचा भराव जाड हवा आणि कडेच्या नाल्या उघड्या हव्यात. नाली बुजली तर किती चांगलं डांबर ओता, दोन पावसाळ्यांत खड्डे ठरलेले.

मोटारीने ही रात्र तासावर आणली. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली; रूळ आणि रस्ता एकाच खात्याच्या हाती होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे इथल्या रस्त्यांवर एसटी धावू लागली.

या वाटा रेल्वेहून कितीतरी जुन्या आहेत. याच पट्ट्यात सेलू तालुक्यात वालूर आहे. तिथल्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात; काठावर उभं राहिलं तर शंखात डोकावल्यासारखं वाटतं. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जुनी देवळं आहेत आणि बारवही. एवढी दगडी कामं आडरानात कुणी करत नाही. माणसांची आणि मालाची वर्दळ होती म्हणूनच ती झाली. इसवी सन ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराचार्यांचं जन्मगाव म्हणूनही बोरीचं नाव घेतलं जातं. त्याला पक्का पुरावा नाही. पण ज्या अश्मक देशाशी त्यांचं नातं जोडलं जातं, त्याची आठवण गोदावरीच्या या खोऱ्याशी निगडित आहे, एवढं खरं.

आज बोरीच्या स्टँडवर सकाळी उभं राहा. दप्तरं पाठीला लावून मुली एसटीची वाट बघत असतात. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. मोठ्या रस्त्यावरच्या गावांना त्याचा लाभ होतो. आतल्या खेड्यात पहिल्या मोठ्या पावसात रस्ता खचला की गाडी फाट्यावरूनच वळते. मग पास दप्तरात आणि मुलगी घरी. म्हणून बुजलेल्या नालीबद्दल मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे.

पुढच्या आठवड्यात चारठाण्याच्या देवळांकडे जाऊ.