हरवलेलीं उत्तरें आणि आगंतुक उत्तरें

फेब्रुवारी महिना लागला कीं बारावीच्या विद्यार्थ्याच्या घरीं एक निराळीच शांतता येते. दूरचित्रवाणीचा आवाज खालीं उतरतो, पाहुण्यांस सुट्टींत येण्याविषयीं सुचविलें जातें, आणि एका खोलींतला दिवा रात्रीं उशिरापर्यंत जळत राहतो. अशाच एखाद्या रात्रीं मुलगी त्रिकोणमितीची वही घेऊन बाहेर येते. "बाबा, एकहि पायरी चुकली नाहीं, तरी माझीं उत्तरं दोन आणि पुस्तकांत चार!" वडील चष्मा लावून वही वरपासून खालपर्यंत वाचतात. ते स्वतः पदवीधर असतात, पण त्यांनाहि चूक दिसत नाहीं. शेवटीं पुस्तकांतच छपाईची चूक असावी असा निकाल देऊन दोघेंहि मोकळीं होतात. परीक्षेंत मात्र हा निकाल चालत नाहीं. चारांपैकीं दोन उत्तरें सोडणाऱ्याचे गुण कापले जातात, आणि जेथें दिलेल्या पर्यायांतून एकच निवडावयाचा असतो तेथें तर सगळेच जातात.

समजा, वहींतलें समीकरण असें आहे: साइन २क्ष = साइन क्ष. क्ष हा कोन ० पासून ३६० अंशांपर्यंत, परंतु ३६० वगळून, शोधावयाचा आहे. मुलीनें डाव्या बाजूस २ साइन क्ष कोसाइन क्ष असें लिहिलें; दोन्ही बाजूंस साइन क्ष आहे हें पाहून तें खोडलें, आणि ती कोसाइन क्ष = १/२ येथें पोंचली. त्यावरून क्ष ६० अंश किंवा ३०० अंश. सारें कसें सरळ! परंतु "खोडणें" हा शब्द वर्गांत सर्रास वापरला जातो, आणि तोच येथें घात करतो. खोडणें म्हणजे भागणें. आणि भाजक शून्य नाहीं अशी हमी कोणीं दिलेली नव्हती. साइन क्ष शून्य असेल तेव्हां समीकरणाच्या दोन्ही बाजू शून्य होतात, म्हणजे समीकरण खरें ठरतें. तीं उत्तरें ० आणि १८० अंश. मुलीनें तीं पुसलीं नाहींत. तीं सांपडण्याची वाटच बंद केली. म्हणून वही कितीहि वेळां वाचली तरी चूक दिसत नाहीं. जें कागदावर आलेंच नाहीं तें कागद वाचून कसें दिसणार?

उपाय एका ओळीचा आहे. उजवीकडील पद डावीकडे आणून अवयव पाडावे: साइन क्ष (२ कोसाइन क्ष − १) = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य आहे, तर पहिली शून्य असेल किंवा दुसरी असेल. दोन्ही वाटा कागदावर उघड्या राहतात आणि ०, ६०, १८०, ३०० हीं चारहि उत्तरें हातीं येतात.

पण साइनच्या समीकरणास इतकीं उत्तरें येतात तरी कां? बीजगणितांत २क्ष = ६ म्हटलें कीं क्ष बरोबर ३, आणि विषय संपला. येथें तसें होत नाहीं, याचें कारण जत्रेंतल्या आकाशपाळण्यांत पाहावें. पाळण्याची त्रिज्या १० मीटर आहे, आणि एक मूल आंसाच्या पातळीवरून वर चढूं लागलें आहे. तें आंसाहून ५ मीटर उंच केव्हां असेल? पाळणा ३० अंश फिरला म्हणजे. पण वर जाऊन तें दुसऱ्या बाजूनें उतरूं लागलें कीं १५० अंशांवर पुन्हां त्याच उंचीवरून जातें. पुढच्या फेरींत ३९० आणि ५१० अंशांवर तोच प्रकार. पाळणा चालू राहील तोंपर्यंत तो चालूच राहणार. साइन म्हणजे आंसापासूनची उंची भागिले त्रिज्या, याहून अधिक कांहीं नाहीं. उंची सांगून पाळणा किती फिरला हें विचारणें म्हणजेच साइनचें समीकरण. अशा प्रश्नाला एकच उत्तर असेल अशी अपेक्षा धरणेंच चूक.

पुस्तकांतील सर्वसाधारण उत्तराचें सूत्र पाहून मुलें बिचकतात, तें हेंच सांगत असतें. १८० ची न पट, अधिक उणें एकच्या न-व्या घातानें गुणलेला ३०. न सम असेल तर पुऱ्या फेऱ्या होतात व त्यांत ३० मिळवावयाचे, ही चढती बाजू. न विषम असेल तर अर्धी फेरी जास्त होते व तिच्यांतून ३० वजा करावयाचे, ही उतरती बाजू. सूत्र पाठ असणें वाईट नव्हे. पाठांतराची निंदा करणें हल्लीं फार सोपें झालें आहे, पण परीक्षेच्या घाईंत पाठ असलेलेंच उपयोगीं पडतें. फक्त त्या उणें एकपाठीमागें उतरणारा पाळणा दिसला पाहिजे. गणनयंत्राला तो दिसत नाहीं. १/२ चा उलटा साइन विचारला तर यंत्र ३० सांगून गप्प बसतें, कारण उणें ९० ते ९० अंश एवढ्याच पट्ट्यांतून एक उत्तर देण्याचें त्यास शिकविलेलें असतें.

पाळण्याचा वेग वाढला कीं उत्तरेंहि वाढतात. साइन ३क्ष = १/२ यांत ० ते ३६० अंशांत उत्तरें किती? बहुतेक वह्यांत ३क्ष ३० किंवा १५०, म्हणून क्ष १० किंवा ५०, एवढें लिहून खालीं रेघ ओढलेली असते. परंतु क्ष ची एक फेरी होतांना ३क्ष च्या तीन फेऱ्या होतात. म्हणून ३क्ष ची किंमत ३०, १५०, ३९०, ५१०, ७५० आणि ८७० अशी सहा प्रकारची. तींन भागून क्ष १०, ५०, १३०, १७०, २५०, २९०. फेऱ्या आधीं मिळवाव्या आणि भागाकार मागाहून करावा. क्रम उलटला कीं चार उत्तरें गेलीं.

या साइन शब्दाचीहि एक हरवाहरवी आहे. इ. स. ४९९ मधील आर्यभटीयांत पावणेचार अंशांच्या टप्प्यांनीं २४ ज्यांचे फरक दिलेले आहेत. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनीं जीवेचें जीबा केलें. पण त्यांच्या लेखनांत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळें पुढें तो शब्द वाचणाऱ्यांनीं जैब असा वाचला, म्हणजे वस्त्राचा घोळ, खिसा. हिंदींतील जेब तो हाच. बाराव्या शतकांत लॅटिन भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा सायनस हा शब्द योजला, आणि धनुष्याची दोरी खिसा होऊन परत आली.

भागाकारानें उत्तरें हरवतात, तर वर्ग केल्यानें आगंतुक येतात. साइन क्ष + कोसाइन क्ष = १ हें समीकरण घ्यावें. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर डावीकडे १ + साइन २क्ष आणि उजवीकडे १. म्हणून साइन २क्ष शून्य, आणि क्ष ०, ९०, १८०, २७०. हीं चार उत्तरें ऐटींत लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळणारे विद्यार्थी थोडे नाहींत. मूळ समीकरणांत १८० घालून पाहावे: साइन शून्य, कोसाइन उणें एक, बेरीज उणें एक. २७० चीहि तीच गत. वर्ग करतांना उणें चिन्ह लपतें. एक आणि उणें एक यांचा वर्ग सारखाच. त्यामुळें बेरीज उणें एक असणारे पाहुणेहि आंत शिरले. वर्ग करूं नये असें नव्हे, पण केलेल्यानें प्रत्येक उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहिलेंच पाहिजे. उरतात ० आणि ९०.

आलेलें उत्तर डोळे उघडे ठेवून नाकारण्याची ही संवय आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या बीजगणितांत माकडांच्या कळपाचें एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून उरलेल्याच्या वर्गाइतकीं माकडें गुहेंत गेलीं, एक फांदीवर दिसत आहे. तर कळप केवढा? वर्गसमीकरणाचीं उत्तरें ५० आणि ५. पांचचा पंचमांश एक, त्यांतून तीन गेले तर उणें दोन. उणें दोनचा वर्ग चार, आणि फांदीवरचें एक मिळून पांच. हिशेब जुळतो! तरी आचार्यांनीं दुसरें उत्तर अयोग्य म्हणून सोडलें, कारण उणें दोन माकडें ही गोष्ट व्यवहारास धरून नाहीं. येथेंहि उणें चिन्ह वर्गानेंच लपविलें होतें. या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे.

हरवण्याचा एक प्रकार मात्र इतका सूक्ष्म आहे कीं हुशार विद्यार्थीच त्यांत सांपडतात. अर्ध्या कोनाच्या टॅनला ट म्हणून साइन आणि कोसाइन दोन्ही ट मध्यें लिहिण्याची एक सुरेख युक्ति आहे. ती साइन क्ष + कोसाइन क्ष = −१ यास लावली तर २ट + १ − ट² = −१ − ट² असें येतें. दोन्हीकडचे ट² जातात, ट बरोबर उणें एक. अर्धा कोन १३५ अंश, क्ष २७० अंश. एकच उत्तर. पण १८० अंशहि उत्तर आहे, हें वर दिसलेंच. तें गेलें कोठें? क्ष १८० असतां अर्धा कोन ९० अंश होतो, आणि ९० अंशांच्या टॅनला किंमतच नसते. ट लिहितांक्षणींच १८० बाहेर पडला. सुदैवानें तो जातांना खूण ठेवून जातो: वर्गसमीकरण येईल अशी अपेक्षा असतां ट² नाहींसा झाला, तर १८० अंश तपासून पाहावे. हें उत्तर परत मिळविण्यास अर्धा मिनिट पुरतो.

उलट, कधीं कधीं कांहींच हरवलेलें नसतें आणि मुलगी मात्र घाबरते. साइन क्ष + कोसाइन क्ष = १ चें सर्वसाधारण उत्तर तिनें लिहिलें: पुऱ्या फेऱ्या, किंवा पुऱ्या फेऱ्या अधिक ९० अंश. पुस्तकांत पाहिलें तर १८० ची न पट, अधिक उणें एकच्या न-व्या घातानें गुणलेले ४५, वजा ४५. आपलें सारेंच चुकलें असें समजून ती बरोबर उत्तरावर काट मारते, आणि परीक्षेंत काट मारलेल्या उत्तरास गुण नसतात. वास्तविक पुस्तककर्त्यानें वर्ग न करतां डावी बाजू दोनचें वर्गमूळ गुणिले साइन (क्ष + ४५) अशी लिहिली, एवढाच फरक. न सम घेतला तर ४५ मिळतात आणि ४५ जातात. उरतात नुसत्या पुऱ्या फेऱ्या. न विषम घेतला तर दोनदां ४५ वजा होतात: १८० मधून ९० गेले, ९० उरले, ५४० मधून ९० गेले, ४५० उरले, म्हणजे एक फेरी आणि तेच ९०. दोन्ही उत्तरें एकच आहेत.