रायफलीचे वजन आणि तिचा भरवसा

पायदळाच्या सैनिकाला रायफल चालवण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ ती वाहून न्यावी लागते, आणि ती वाहताना पाणी, शिधा, काडतुसे व हातगोळे यांचे ओझे त्याच्या अंगावर आधीच लादलेले असते. त्यामुळे रायफल हलकी करण्याचा ध्यास शस्त्रनिर्मात्यांनी आजतागायत सोडलेला नाही. अडचण अशी की रायफलीतील बहुतेक धातूला काही ना काही काम नेमून दिलेले असते. काही पोलाद दाब सोसते, काही उष्णता सामावून घेते, काही खांद्यावरचा धक्का सौम्य करते, आणि काही मात्र ते खरवडून काढणे कारखान्याला परवडले नाही एवढ्याच कारणाने तिथे राहिलेले असते. यातले कोणते पोलाद काढता येईल आणि कोणते काढल्यास शस्त्र दगा देईल, हे ओळखण्यातच या विद्येचे सारे कौशल्य आहे.

गोळी सुटते त्या क्षणी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, हवेच्या दाबाच्या साडेतीन ते चार हजार पट दाब निर्माण होतो. हा दाब पुढे गोळीला ढकलतो आणि मागे तितक्याच जोराने बोल्टवर, म्हणजे काडतुसाला मागून टेकू देणाऱ्या पोलादी दट्ट्यावर, आदळतो. गोळी नळीतून पुढे सरकू लागली की मागची जागा वाढून दाब झपाट्याने उतरतो, म्हणूनच नळी चेंबरपाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती ठेवली तरी चालते. पण नळी बारीक करण्याला दोन बंधने आहेत: बारीक नळी लवकर तापते, आणि तिचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने व्यासात थोडीशी घट केली तरी ती बरीच लवचीक होऊन नेम ढळू लागतो. तिसरे बंधन धक्क्याचे. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन निम्मे केले, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि गणितातील ही वाढ कोणत्याही नव्या धातूने टळत नाही.

ब्रिटिशांनी १९४४ मध्ये आग्नेय आशियातील जंगलयुद्धासाठी आणलेल्या ली-एनफील्ड क्रमांक ५ या रायफलीत ही सारी बंधने एकदम उघडी पडली. मूळच्या क्रमांक ४ रायफलीचे सुमारे ४.१ किलो वजन नळी आखूड करून आणि जागोजागी धातू खरवडून ३.२ किलोंवर आणले गेले, मात्र .३०३ चे जोरदार काडतूस तसेच राहिले. परिणामी धक्का आणि नळीच्या तोंडाशी उठणारा लोळ दोन्ही वाढले, आणि नेम एकदा जुळवून दिल्यावरही तो जागचा हलतो अशा तक्रारी येऊ लागल्या. १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

वजन केवळ खरवडून काढण्याऐवजी ताणाची वाटच बदलणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होता, आणि तो सोव्हिएत संघातील इझेव्हस्कच्या कारखान्यात सापडला. १९४९ मध्ये स्वीकारलेल्या कलाश्निकोव्ह रायफलीचा रिसीव्हर, म्हणजे ज्या पेटीत बोल्ट पुढेमागे सरकतो ती पेटी, प्रथम पोलादी पत्रा ठोकून बनवायची योजना होती. पण पत्र्याच्या पेट्या वाकड्या निघून मोठ्या संख्येने बाद होऊ लागल्या, तेव्हा १९५१ पासून घडीव पोलादाचा अखंड ठोकळा कोरून रिसीव्हर बनवण्यास सुरुवात झाली. त्या ठोकळ्याचा मोठा भाग कीस होऊन वाया जाई, यंत्रांचा वेळ जाई, आणि जे उरे तेही जडच असे. १९५९ मध्ये आलेल्या ए-के-एम या सुधारित रायफलीत अभियंते पुन्हा पत्र्याकडे वळले, मात्र या वेळी पत्रा ठोकण्याचे आणि जोडण्याचे तंत्र त्यांच्या पुरते हाती आले होते.

ए-के-एमचा रिसीव्हर उघडून पाहिला तर त्यातली युक्ती डोळ्यांना दिसते. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवलेला असतो, आणि त्याच्या पुढच्या टोकाला रिवेटांनी घट्ट बसवलेला एक जाड पोलादी ठोकळा असतो. नळी या ठोकळ्यात दाबून बसवलेली असते आणि बोल्टचे दोन्ही खांदे वळून याच ठोकळ्यातील खाचांत अडकतात. त्यामुळे गोळी सुटताना सगळा ताण नळी, ठोकळा आणि बोल्ट यांच्या आखूड साखळीतच मिटतो, आणि पत्र्याच्या वाट्याला बोल्टला वाट दाखवण्याचे आणि चापाचे भाग धरून ठेवण्याचे हलके काम उरते. ही रायफल अवघ्या ३.१ किलोंच्या आसपास आली. तिच्यासाठी हलक्या मिश्रधातूचे मॅगझीनही (काडतुसे भरायचे खोके) काढण्यात आले होते, पण ते हाताळताना चेपत असे, आणि चेपलेल्या मॅगझीनमधून काडतूस सरळ वर येत नाही. म्हणून ते मागे पडून पोलादाची जोड दिलेले प्लॅस्टिकचे मॅगझीन आले. भरवशाच्या दृष्टीने हा छोटा निर्णय पत्र्याच्या रिसीव्हरइतकाच मोलाचा मानला पाहिजे, कारण मोठे भाग मजबूत असूनही शस्त्र बंद पडते ते बहुधा अशा किरकोळ वाटणाऱ्या जागी.

त्याच दशकात अमेरिकेत यूजीन स्टोनर वेगळ्या वाटेने त्याच तत्त्वापर्यंत पोहोचले होते. ते ज्या आर्मालाइटमध्ये काम करत, ती फेअरचाइल्ड या विमान कंपनीची शाखा होती, आणि विमानांत रुळलेले अॅल्युमिनियम व प्लॅस्टिक त्यांनी रायफलीत आणले. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. हा धातू चेंबरचा दाब सोसण्याच्या कामाचा नाही. म्हणून स्टोनर यांनी बोल्ट थेट नळीच्या मागे जोडलेल्या पोलादी कड्यात अडकेल अशी रचना केली, आणि अॅल्युमिनियमच्या रिसीव्हरला त्या ताणातून मोकळे केले. याच तत्त्वाला सोडून गेल्यावर काय घडते तेही लवकरच दिसले. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज सुलिव्हन यांच्या आग्रहाखातर, आणि स्टोनर यांचा विरोध डावलून, पोलादी अस्तरावर अॅल्युमिनियमचे आवरण चढवलेली नळी चाचणीसाठी पाठवली गेली, आणि १९५७ च्या आरंभी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात ती नळी फुटली. पुढे नळी पूर्णपणे पोलादाची झाली.

या रचनेतून निघालेली एम-१६ रायफल रिकामी असताना तीन किलोंच्याही आत होती, आणि तरीही व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास ती ऐन चकमकीत अडकू लागली. दोष हलकेपणाचा नव्हता. काडतुसातील दारूचा प्रकार बदलल्याने काजळी साचू लागली होती आणि गोळीबाराचा वेग वाढला होता. चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने दमट हवेत तिथे गंज चढून काडतुसाची पितळी पुंगळी चिकटून बसे. आणि या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही या समजुतीने सफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नव्हते. शत्रू समोर असताना सैनिकाला नळीच्या तोंडातून गज घालून अडकलेली पुंगळी मागे ठोकून काढावी लागे. रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने १९६७ मध्ये या कारभारावर कठोर ठपका ठेवला, आणि तो सर्वस्वी रास्त होता. क्रोमचा मुलामा दिल्यावर आणि सफाईची शिस्त लागल्यावर त्याच वजनाची रायफल पुढे दीर्घकाळ कामास आली.

भारतीय लष्करासाठी इन्सास रायफलीचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेत तयार झाला. तिचे वजन चार किलोंच्या आसपास होते, म्हणजे आधीच्या एस-एल-आर रायफलीपेक्षा ती फारशी हलकी नव्हती. खरी बचत काडतुसांत झाली, कारण एस-एल-आरचे ७.६२ मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, तर इन्सासचे ५.५६ मिलिमीटरचे त्याच्या निम्म्या वजनाचे असते. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत या लहान काडतुसांचे उत्पादन होते. कारगिलच्या उंचीवर मात्र इन्सासच्या प्लॅस्टिकच्या मॅगझीनला कडाक्याच्या थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. प्लॅस्टिकमधील लांबलचक रेणूंची हालचाल थंडीत मंदावते, आणि एरवी लवून धक्का सोसणारा पदार्थ ठिसूळ होतो. शून्याखालील हवेत वापरायच्या वस्तूसाठी योग्य प्लॅस्टिक निवडणे हा म्हणूनच ताकदीच्या हिशेबाचाच भाग ठरतो.

अलीकडे काटा पुन्हा उलट दिशेला झुकू लागला आहे. दूरवर आणि चिलखतावर मारा करण्याच्या गरजेतून अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली, आणि ती आवाज दाबणाऱ्या नळकांड्यासह साडेचार किलोंच्या जवळ जाते. तिच्या काडतुसातील दाब पूर्ण पितळी पुंगळीला झेपणारा नसल्यामुळे पुंगळीचा तळ पोलादाचा आणि उरलेला भाग पितळेचा केलेला आहे. सैनिकाच्या नेहमीच्या साठ्यात पूर्वी २१० काडतुसे असत, तिथे या रायफलीसोबत ती १४० वर आली आहेत.