तुम्ही गप्प बसा, कान सांगेल

सदरमधल्या एका कानाच्या दवाखान्यात मामांना घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या तोंडात खर्रा होता. नागपूरकरांना यात नवल वाटणार नाही. बाहेर रेसिडेन्सी रोड, डोक्यावर उड्डाणपूल, दोन्हीकडून हॉर्न. आत मात्र जाड भिंतींची, काचेची खिडकी असलेली कोंदट खोली आणि तिच्यात हातात बटण घेऊन बसलेले मामा. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मामांनी वीस मिनिटं बटण दाबलं. मध्ये शंका आली म्हणून दोनदा दाबलं, एकदा उगाच दाबलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, “मले काही नाही झालं. तुमीच लोकं हळू बोलता.”

तपासणाऱ्या मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी मामांना दुसऱ्या खुर्चीकडे नेलं. म्हणाल्या, “काका, आता तुम्हाला काहीच सांगायचं नाही. बटण नाही, हात वर करायचा नाही. फक्त बोलू नका, गिळू नका. आणि आधी तो खर्रा थुंकून या.”

“काऊन?”

“जबडा हलला की रेघ हलते.”

मामांच्या एका कानात रबरी बोंडूक बसलं. पडद्यावर आडवी रेघ सरकू लागली. कानात एक जाड आवाज सुटला की रेघ खाली बसायची, थांबला की पुन्हा वर यायची. मामा नुसते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. या तपासणीला आपल्याकडे इम्पिडन्स म्हणतात आणि रेघ खाली बसते त्याला नुसतं ‘रिफ्लेक्स’. श्रवणाच्या नेहमीच्या तपासणीतला हा भाग मला सगळ्यात मजेदार वाटतो, कारण इथे माणसाच्या मताला किंमत नसते.

शाळेत आपण हातोडी, ऐरण आणि रिकीब ही मध्यकर्णातली तीन हाडं पाठ केलेली असतात. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड. उंची 3 मिलिमीटरच्या आसपास, वजन तीनेक मिलिग्रॅम. शिक्षकांनी बहुधा सांगितलेलं नसतं ते असं, की या रिकिबीच्या मानेला एक स्नायू बांधलेला आहे. त्याचं नाव स्टेपिडियस. हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सगळ्यात लहान तोच. तो स्वतः हाडाच्या एका चिमुकल्या सुळक्यात दडलेला असतो, बाहेर येतो तो फक्त त्याचा दोरा. मोठा आवाज कानात शिरला की हा स्नायू आखडतो आणि रिकिबीला बाजूला ओढतो. घोडेस्वाराच्या पायातली रिकीब कुणी मागून धरून ठेवावी, तसं. हाडांची साखळी ताठ होते आणि आवाज आत पोचवण्याचं तिचं काम थोडं मंदावतं. कमी पट्टीचे, म्हणजे साधारण 1000 हर्ट्‌झच्या खालचे, घरघरणारे आवाज त्यामुळे दबतात. वरच्या पट्टीतल्या आवाजांवर फारसा परिणाम होत नाही.

हे दिसतं कसं? स्वित्झर्लंडच्या ल्युशर यांनी 1929 साली एका रुग्णाच्या फाटक्या पडद्याच्या भोकातून या स्नायूचा दोरा हलताना प्रत्यक्ष पाहिला होता. पण धड पडद्याआडचं पाहायचं तर युक्ती लागते. ती तबल्यासारखी आहे. पुडी ढिली असेल तर ती आवाज पिते, ताणली की आवाज परत फेकते. कानातल्या बोंडकाला तीन भोकं असतात. एकातून सतत बारीक सूर सोडतात, दुसऱ्यातून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि तिसऱ्यात मायक्रोफोन असतो. स्टेपिडियस आखडला की कानाचा पडदाही किंचित ताठ होतो, परत येणारा सूर वाढतो आणि मायक्रोफोन तो टिपतो. हा सूर मोठ्यांसाठी 226 हर्ट्‌झचा ठरला आहे. त्या पट्टीला समुद्रसपाटीवरची एक मिलिलिटर हवा मोजमापाच्या एका एककाइतकीच भरते, म्हणून हिशेब सोपा. सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी मात्र 1000 हर्ट्‌झचा सूर वापरतात, कारण त्यांचा कान अजून मऊ असतो. डेन्मार्कमध्ये ओटो मेट्झ यांनी 1946 साली अशा मोजमापाचा पाया घातला आणि अमेरिकेतल्या जेम्स जर्गर यांनी 1970 साली ते रोजच्या दवाखान्यात आणलं.

आता या रेघेत एवढं काय आहे? आवाज शिरण्यापासून स्नायू आखडण्यापर्यंतची वाट पाहिली की कळतं. आवाज पडद्यावरून हाडांकडे, तिथून शंखासारख्या कॉक्लियात, कॉक्लियातून आठव्या चेतेने मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये. तिथे दोन-तीन ठाण्यांवर निरोप बदलतो आणि सातव्या चेतेने परत कानात येतो. सातवी चेता ही चेहरा हलवणारी चेता. ती गालावर हसू आणते आणि जाता जाता या स्नायूलाही तार देते. शिवाय देठात निरोप दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणून उजव्या कानात आवाज सोडला तरी दोन्ही कानांतले स्नायू आखडतात.

वायरमनला घरातला कुठला फेज गेला हे दिवे बघून कळतं, तसंच इथेही होतं. आवाज डावीकडे सोडून उजवीकडे मोजायचं, मग उलट, मग त्याच बाजूला. डाव्या कानात आवाज सोडला की कुठेच रेघ हलत नाही, उजवीकडे सोडला तर दोन्हीकडे हलते. मग दोष डाव्या कानाच्या आत येणाऱ्या वाटेवर. उलट डावीकडे मोजलं की कधीच हलत नाही, आवाज कुठूनही सोडा. मग दोष डाव्या मध्यकर्णात किंवा सातव्या चेतेत. बेल्स पाल्सीत एका बाजूचा चेहरा लुळा पडतो, भांडी आदळल्याचा आवाज त्याच कानाला असह्य होतो आणि रेघ हलत नाही. याचा अर्थ चेता स्टेपिडियसच्या फांदीच्या आधीच दुखावली आहे. सुधारणा सुरू झाली की पुष्कळदा चेहरा हलण्याआधी रेघ हलते.

काही उलगडे तर फारच नेमके आहेत. ओटोस्क्लेरोसिसमध्ये रिकिबीभोवती हाड वाढून ती जागेवर चिकटते. पडदा स्वच्छ दिसतो, दाबाचा आलेखही बऱ्याचदा ठीक असतो, पण रेघ हलत नाही, कारण ओढायला दोरा आहे, हलायला रिकीबच मोकळी नाही. यावर शस्त्रक्रिया आहे. जॉन शी यांनी 1956 साली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम तुकडा बसवला आणि ती पद्धत रूढ झाली. दुसरं उदाहरण लहानग्यांचं. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेली किंवा अतिदक्षता विभागात राहिलेली काही बाळं ओएई ही श्रवणाची पहिली चाळणी पास होतात, कारण कॉक्लियातल्या बाहेरच्या पेशी शाबूत असतात. चेतेतून पुढे जाणारा निरोप मात्र विस्कटलेला असतो. अशा बाळांत रेघ सहसा हलत नाही, आणि मग चेतेपासून देठापर्यंतचा निरोप मोजणारी बेरा चाचणी करायलाच हवी. आईला ‘ऐकू येतंय, काळजी नको’ म्हणून घरी पाठवण्यापूर्वी या रेघेची साक्ष घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

मामांच्या कागदाकडे येऊ. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ते 32 वर्षं पत्रा ठोकत होते. आलेखात 500 हर्ट्‌झला कान ठीक, 2000 ला 50 डेसिबलची घट आणि 4000 ला मोठा खड्डा. गोंगाटाने गेलेला कान असाच दिसतो. पण 2000 हर्ट्‌झचा रिफ्लेक्स 95 डेसिबलला हजर होता. निरोगी कानात शुद्ध सुरांना तो 70 ते 100 च्या दरम्यान येतो, म्हणजे मामांचा जवळपास जागेवरच. ऐकू येण्याची पायरी 50 वर चढली, पण ‘फार झालं’ म्हणण्याची पायरी तिथेच राहिली. मधली जागा आखडली. घरात आजवर कुणाला न कळलेली गोष्ट त्या कागदावर होती. हळू बोललं की “काय?” आणि जरा आवाज चढवला की “ओरडतो काऊन बे?” आम्ही याला स्वभाव समजत होतो. कॉक्लियातल्या पेशी गेल्या की हे होतंच. श्रवणयंत्र लावतानाही मोठे आवाज किती दाबायचे, हे अशाच दोन पायऱ्यांमधल्या अंतरावर ठरतं.

दवाखाना सदरमधला, त्या शब्दावरून आठवलं. अपंगत्वाच्या दाखल्यात “सदर व्यक्तीस” असं लिहिलेलं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना 70 डेसिबल घट म्हणजे बधिर आणि 60 ते 70 म्हणजे श्रवणदोष. या आकड्यांवर नोकरीतलं आरक्षण आणि सवलती अवलंबून असल्याने बटण उशिरा दाबणारेही भेटतात. कुणी सांगितलं की मला 90 डेसिबलखाली ऐकूच येत नाही आणि रेघ 85 लाच बसली, तर बटणावर विश्वास ठेवता येत नाही, कारण न ऐकलेल्या आवाजाला स्नायू आखडत नाही. मात्र ही खोटं पकडायची मशीन नव्हे. मामांसारख्या खऱ्या कमी ऐकणाऱ्याचाही रिफ्लेक्स 95 ला येतो आणि काही निरोगी माणसांत तो सापडतच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या हजारो नोंदी तपासून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच: बहुतेकांत आहे, सगळ्यांत नाही. तेव्हा एकट्या रेघेवरून कुणाला खोटारडं ठरवू नये.

आणखी एक गैरसमज मोडायला हवा. ‘निसर्गाने कानाला ढाल दिली आहे’ असं विज्ञानाच्या पुस्तकांतही छापलेलं असतं. अर्धंच खरं आहे ते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1970च्या दशकात चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झालेल्यांना कमी पट्टीचा गोंगाट ऐकवला, तेव्हा लुळ्या बाजूच्या कानाला तात्पुरता बधिरपणा जास्त आला. म्हणजे ढाल आहे. पण मोठ्या आवाजालाही ती उचलायला सेकंदाचा किमान शंभरावा भाग लागतो, जरा कमी आवाजाला दहावाही. सुतळी बॉम्ब तोवर फुटून गेलेला असतो. सलग वाजणाऱ्या आवाजाला स्नायू थकतो, विशेषतः वरच्या पट्टीत. बोलायला तोंड उघडण्याच्या जरा आधी तो आखडतो, तेव्हा आपलाच आवाज आपल्याला बुचकळ्यात पाडत नाही. वटवाघूळ तर प्रत्येक किंकाळीच्या आधी हा स्नायू आवळतं आणि प्रतिध्वनी ऐकायला लगेच सैल सोडतं. मला वाटतं हा स्नायू गोंगाटातून बोलणं वेचायला जास्त आहे, डीजेसमोर उभं राहायला नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत व्यापारी भागाला दिवसा 65 डेसिबल आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्राला 50 ची मर्यादा आहे. राज्यातल्या शहरांच्या गोंगाटाचे नकाशे करणारी नीरी ही संस्था याच गावात आहे. तरीही मिरवणुकीच्या दिवशी सदरच्या चौकात उभं राहून बघा. (रस्त्यावरच्या मापकातलं डेसिबल आणि दवाखान्यातलं डेसिबल एकाच मोजपट्टीचं नाही, हे लक्षात असू द्या.) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पीडा घेऊन जाणारी मारबत निघते, तेव्हा यंदा “डीजे घेऊन जा गे मारबत” म्हणायला हरकत नाही. अर्थात तेही डीजेशिवाय.

एक काळजीचा शब्द. या तपासणीत मोठे आवाज सोडावे लागतात. कानात गुणगुण असेल किंवा मोठे आवाज सोसत नसतील तर आधी सांगा. जाणकार तपासनीस सहसा 105 डेसिबलच्या पुढे जात नाही.

पण सगळ्यात मोठी अडचण ही की, फक्त यंत्र विकायचं असेल तिथे ही तपासणी वगळली जाते. बटणाचा आलेख झाला की थेट यंत्राचा डबा उघडतो. तपासणी करून परत येताना कागदावर ‘रिफ्लेक्स’ या शब्दाखाली 500, 1000, 2000 आणि 4000 चे रकाने भरलेले आहेत का, दोन्ही कानांचे, एवढं पाहा. रिकामे असतील तर का, ते विचारा. आणि आत जाण्याआधी तोंडातला खर्रा थुंकून या, कचरापेटीत.