बागेत कोण नाही, हे आधी मोजा

नवरात्रात आपल्या वडोदऱ्यात रात्री बारा वाजताही मुली, सुना आणि सासवा गरब्याहून निर्धास्त घरी परततात. रस्त्यावर उजेड असतो, वर्दळ असते आणि मुख्य म्हणजे इतर बायकाही असतात. दसरा उलटला की रस्ते तेच राहतात, पण उशिरा एकटी बाई दिसली की नजरा वळतात. स्त्रियांचा वावर केवळ त्यांच्या धीटपणावर ठरत नाही. जागा कशी आहे आणि तिथे कोण आहे, यावरही तो ठरतो.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे या गोष्टीचा नगररचनेत विचार झाला. 1990 च्या दशकात तिथल्या बागांची पाहणी केली, तेव्हा नऊ वर्षांपुढच्या मुलींची संख्या झपाट्याने कमी होते, मुलग्यांची मात्र होत नाही, असे आढळले. मोकळी जागा एकच असली की तिच्यासाठी चढाओढ होते आणि मुली माघार घेतात. म्हणून 1999 पासून शहराच्या पाचव्या विभागातील दोन बागांची फेररचना झाली. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, मोठ्या मैदानाचे लहान लहान भाग पाडले. मुलग्यांना कोणी हाकलले नाही, तरी मुली बागेत दिसू लागल्या.

तिथेच लोकांना रोजच्या प्रवासाबद्दल विचारले गेले. पुरुषांची उत्तरे चटकन संपली, बायकांची संपेनात. मुलांना डॉक्टरकडे नेणे, शाळेत सोडणे, नोकरी, आईसाठी बाजारहाट, असा त्यांचा दिवस अनेक फेऱ्यांचा होता आणि त्यातले बरेचसे चालणे होते. त्यानंतर फुटपाथ रुंद झाले, दिवे वाढले. याचा फायदा म्हाताऱ्यांना आणि अपंगांनाही होतो.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून 2011 साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिले. बाईला रस्त्यावर असण्यासाठी कारण दाखवावे लागते, हा त्यातला कळीचा मुद्दा. आपल्या रीतीभातींतही तेच दिसते. हळदीकुंकू, मंगळागौर, भजन हे सारे छपराखाली. कट्टा मात्र पुरुषांचा. भाजी घ्यायला, देवळात जायला हरकत नाही. नुसते बसायला गेले की प्रश्न येतात.

दुसरी अडचण स्वच्छतागृहाची. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे मोजावे लागत. बाहेर सोय नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका प्रत्येक घरात सापडतील. मग बाग कितीही सुंदर असो, अर्ध्या तासात घर गाठावे लागते.

यात मंडळाच्या सभासदांना करता येण्याजोगे एक सोपे काम आहे. आपल्या जवळच्या बागेत, मग ती 1879 पासूनची कमाटीबाग असो की सोसायटीशेजारचा छोटा बगीचा, दुपारी आणि दिवेलागणीनंतर एकेक फेरी मारा. दहा वर्षांपुढच्या मुली किती? एकट्या आलेल्या बायका किती? त्यांतल्या नुसत्या बसलेल्या किती? दिवे फक्त गाड्यांच्या वाटेवर आहेत की पायवाटेवरही? कुंपणाची झुडपे इतकी उंच आहेत का, की आतले बाहेरून दिसत नाही? बाकाला पाठ आहे का? स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना?

ही टिपणे वॉर्ड ऑफिसात नेता येतात. ‘बायकांसाठी काहीतरी करा’ या मागणीला गोड आश्वासन मिळते. ‘या पायवाटेवर दिवा नाही’ या तक्रारीला उत्तर द्यावे लागते. आणि मोजायला घरातल्या मुलीला सोबत घ्या. आपल्या नजरेतून सुटलेले तिला पहिल्या वळणावरच दिसेल.