विश्लेषण : पायी चालण्याच्या वेगाने निघालेल्या जोडप्यामुळे इंग्लंडचे कालवे कसे वाचले?

युरोपवर युद्धाचे ढग दाटलेले असताना, जुलै १९३९ मध्ये, टॉम आणि अँजेला रोल्ट हे नवविवाहित जोडपे इंग्लंडमधील बॅनबरी गावातून एका जुन्या लाकडी बोटीने निघाले. कालव्याकाठच्या गावांमधून सुमारे ४०० मैलांचा, म्हणजे साधारण ६५० किलोमीटरचा हा प्रवास होता. कुठेही पोहोचण्याची घाई नव्हती. मात्र याच प्रवासावरील पुस्तकामुळे बंद पडत चाललेले कालवे वाचवण्याची चळवळ उभी राहिली. हे कसे घडले आणि आज हे कालवे पुन्हा चर्चेत का आहेत, ते समजून घेऊ.

हे कालवे कशासाठी होते?

आपल्याकडे कालवा म्हटले की शेतीचे पाणी आठवते. इंग्लंडमधील बहुतेक कालवे मात्र मालवाहतुकीसाठी खोदले गेले. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरला कोळसा जाऊ लागला आणि पुढील काही दशकांत देशभर कालव्यांचे जाळे पसरले. काठावरून घोडा दोर ओढायचा आणि मागे बोट सरकायची. नंतर रेल्वे आली, त्यानंतर ट्रक. भाडे घटले तसे अनेक नावाडी खर्च वाचवण्यासाठी बायकामुलांसह बोटीवरच राहू लागले. जेमतेम १० फूट लांबीच्या खोलीत अख्खा संसार असे.

रोल्ट बोटीवर का राहायला गेले?

टॉम रोल्ट हे प्रशिक्षित इंजिनीअर होते. त्यांची ‘क्रेसी’ ही बोट पूर्वी मालवाहू होती. नातेवाइकांकडून ती विकत घेऊन त्यांनी बॅनबरीच्या बोट कारखान्यात तिचे घर केले. आत चक्क बाथटबही बसवला. कालव्यावर राहायचे आणि लेखन करून पोट भरायचे, असा बेत होता. अँजेला यांनाही हे आयुष्य हवे होते.

‘लॉक’ म्हणजे काय?

कालवा चढ चढू शकत नाही, म्हणून बोटच उचलावी लागते. त्यासाठी दोन दारांचा दगडी किंवा विटांचा हौद असतो. त्याला लॉक म्हणतात. बोट खालच्या दाराने आत आली की ते दार बंद करायचे आणि लोखंडी हँडल फिरवून वरची झडप उघडायची. वरचे पाणी आपोआप हौदात येते आणि बोट वर उचलली जाते. पंप नाही, वीज नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. अरुंद लॉकमधून एकदा जाताना लाखभर लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते.

या कामाला दोघे असले की सोपे पडते. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने काठावर उतरून दारे ढकलायची. ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे ६.४ किलोमीटर या वेगमर्यादेत आणि लॉकमागून लॉक पार करत दिवसभरात फार अंतर कापलेच जात नाही.

वाटेत काय दिसले?

ऑक्सफर्ड कालव्यावरील ब्राउन्स्टन, पुढे लेस्टर, शार्डलो, स्टोकची मातीच्या भांड्यांची भट्टीनगरी आणि चेशायरमधील चर्च मिन्शल हे खेडे. गुलाब आणि किल्ल्यांची चित्रे रंगवलेल्या बोटी, लॉकची राखण करणारी माणसे, काठावरच्या खानावळी. रोल्ट यांनी हे सारे टिपून ठेवले. त्याचबरोबर गाळाने भरलेले पात्र आणि ओस पडलेले धक्केही त्यांना दिसले. कालव्याचे गणित सरळ असते. बोटी थांबल्या की गवत माजते, गाळ साचतो, दारे कुजतात. मग वापर नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून वापर नाही.

पुस्तकामुळे काय बदलले?

अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. अखेर डिसेंबर १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट आणि रे एकमन हे दाम्पत्य टार्डेबिग येथे ‘क्रेसी’वर भेटायला आले. या भेटीतून १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. रॉबर्ट एकमन अध्यक्ष, तर रोल्ट सचिव झाले.

१९४७ मध्ये रोल्ट यांनी कायद्याचा नेमका वापर केला. बर्मिंगहॅमजवळ रेल्वे कंपनीने उचलता येणाऱ्या पुलाच्या जागी खुजा पक्का पूल टाकून स्ट्रॅटफर्ड कालवा अडवला होता. जलवाहतुकीचा हक्क मात्र कायम होता. रोल्ट यांनी ‘आम्ही येत आहोत’ अशी रीतसर सूचना दिली. कंपनीला जॅक लावून पूल उचलावा लागला आणि खालून ‘क्रेसी’ गेली.

या जोडप्याचे पुढे काय झाले?

शेवट गोड झाला नाही. रोल्ट यांच्या मते, मालवाहू नावाड्यांचा रोजगार टिकेल असे कालवे आधी वाचवायला हवे होते. एकमन यांना प्रत्येक कालवा हवा होता. १९५१ मध्ये रोल्ट यांना संस्थेतून काढण्यात आले. त्याच वर्षी ‘क्रेसी’ची अखेर झाली आणि रोल्ट दाम्पत्यही वेगळे झाले. अँजेला सर्कशीसोबत गेल्या. नावाड्यांची मालवाहतूकही पुढे जवळपास संपली. कालवे टिकले ते सहलीच्या बोटींमुळे.

आज हा विषय चर्चेत का?

केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा पूर्ण खुला झाला. तो वाचवण्यासाठी झटलेल्यांत टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे अभिनेते दाम्पत्यही होते. २०१४ पासून त्यांच्या बोटप्रवासाची मालिका चॅनल ४ वर गाजली. स्केल्स यांना स्मृतिभ्रंश झाला होता, तरीही दोघे बोट चालवत राहिले. वेस्ट यांचे नोव्हेंबर २०२४ मध्ये, तर स्केल्स यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन झाले.

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’कडे आहेत. त्यावर सुमारे ३५ हजार बोटी आहेत. मात्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केल्यानुसार २०२७ पासूनच्या दहा वर्षांसाठी मिळून सुमारे ४० कोटी पौंड मिळतील आणि वार्षिक रक्कम घटत जाईल. महागाई धरल्यास ही घट ३० कोटी पौंडांहून अधिक असल्याचे ट्रस्टचे म्हणणे आहे.

लॉकची लाकडी दारे साधारण २५ वर्षे टिकतात, मग बदलावीच लागतात. रोल्ट यांच्या काळात अनेक कालव्यांवरील बोटी कमी होत चालल्या होत्या, म्हणून दुरुस्ती थांबत होती. आज बोटी भरपूर आहेत. प्रश्न दुरुस्तीच्या पैशांचा आहे.