सीईटीचा अर्ज आणि आजोबांचा दाखला

बारावी विज्ञानचे वर्ष सुरू झाले की आपल्या वस्तीतल्या घराघरांतून एकच शब्द ऐकू येतो, सीईटी. अभ्यास कसा करावा हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि अर्धे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलेले. परंतु कागद म्हणजे काय हे आम्हास कळते. म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह केला तेव्हा हाच विषय घेतला.

एमएचटी-सीईटी ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी या पदवी अभ्यासक्रमांचे महाराष्ट्रातील प्रवेश तिच्यावर होतात. डॉक्टरकीसाठी ही परीक्षा चालत नाही, तिथे नीट द्यावी लागते. ही साधी गोष्ट वाटेल, पण मुलीला डॉक्टर करायचे म्हणून नुसता सीईटीचा अर्ज भरून निश्चिंत बसलेले पालक आम्ही पाहिले आहेत.

परीक्षेचे दोन गट असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा एक. गणिताऐवजी जीवशास्त्र हा दुसरा. प्रत्येक गटाची परीक्षा दोनशे गुणांचीच. गणिताच्या गटात पहिल्या ९० मिनिटांत भौतिक व रसायनचे १०० प्रश्न सोडवायचे, एकाला एक गुण. ती वेळ संपल्यावर गणिताचे ५० प्रश्न, एकाला दोन गुण, पुन्हा ९० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे आणि ऐंशी टक्के बारावीचे असतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून देता येतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. मराठी माध्यमाच्या मुलांनी ही गोष्ट परीक्षागृहात कळण्याची वाट पाहू नये. सर्व परीक्षा संगणकावर होते. घरी संगणक नसेल तर निदान चार-पाच वेळा सायबर कॅफेत बसून सराव परीक्षा द्यावी, माउस हातात बसला पाहिजे.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. हे टक्के नव्हेत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून आपल्या सत्रातील किती मुले आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवून आहेत हे पाहतात. सत्रात १०,००० मुले बसली आणि ९,५०० जणांचे गुण तुमच्याइतके वा कमी असले, तर तुमचे पर्सेंटाइल ९५. गुण दोनशेपैकी शंभराच्या आसपास असूनही पर्सेंटाइल चांगले आलेले दिसते, त्याचे कारण हे.

आता अर्जाविषयी. अर्ज संकेतस्थळावर भरावा लागतो. फोटो, सही, ओळखपत्र जोडून शुल्क भरावे लागते. राज्यातील मागासवर्गीयांना शुल्कात सवलत असते. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहावे. आधारवर एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकात दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, असे खातेदार आमच्यापुढे रोज उभे असतात. शिष्यवृत्ती जमा होण्याच्या वेळी हा घोळ निस्तरायला मग धावपळ होते. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असेही समजू नये. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी व कागदपत्रांची तपासणी असते, आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम स्वतः भरावा लागतो.

खरी अडचण येते ती जातीच्या कागदांत. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. आपल्या बौद्ध समाजापुढे यात एक वेगळाच प्रश्न असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मुलांच्या दाखल्यावर बौद्ध किंवा नवबौद्ध अशी नोंद झाली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र धर्मांतरापूर्वीची जात असते. या दोन कागदांची सांगड घालून दाखवावी लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा, म्हणजे आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या शाळेच्या रजिस्टरातील उतारा, किंवा गावच्या जुन्या नोंदी. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. केंद्राच्या परीक्षांसाठी आणखी एक दक्षता घ्यावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या, तरी नुसते बौद्ध लिहिलेले प्रमाणपत्र तिथे उपयोगाचे नाही, त्यावर मूळ अनुसूचित जात नमूद असावी लागते.

आमच्या नात्यातला एक मुलगा. पर्सेंटाइल ९४. वैधतेचा अर्ज आम्ही केला तो निकालानंतर, जूनमध्ये. समितीने आजोबांचा उतारा मागितला. तो गावच्या शाळेतून आणण्याचे काम हिवाळ्यातच आम्ही अंगावर घेतले होते, पण मार्चअखेरच्या हिशेबात राहून गेले आणि नंतर शाळेला सुट्टी लागली. पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला, सरकारने मुदतही वाढवली. तरी प्रमाणपत्र त्यानंतर अकरा दिवसांनी हाती आले. राखीव जागा गेली होती. खुल्या जागेचे शुल्क त्याच्या वडिलांच्या आवाक्यातले नव्हते. मुलगा काही बोलला नाही. वर्षभर एका दुकानात कामाला गेला, पुन्हा परीक्षेला बसला आणि तेच प्रमाणपत्र घेऊन अभियांत्रिकीला लागला. ते वर्ष आमच्या खात्यावर आहे.

म्हणून अकरावीत असतानाच महाविद्यालयाचे पत्र घेऊन वैधतेचा अर्ज करावा. तो ऑनलाइन भरून मूळ कागदांसह जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यावा लागतो. पावती, शपथपत्रे, उतारे यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवाव्यात. कोणास उतारा मिळवण्यात अडचण असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही विहारात बसतो. येताना आजोबांचे संपूर्ण नाव, गाव आणि शाळेत घातल्याचे अंदाजे साल लिहून आणावे.